बयनाबाईनं पकडलेलं दूरचं केंद्र

भीमपूरच्या बयनाबाईनं आपल्या मुलीकडून, सपनाकडून, शॉर्टवेव्हचा छोटा रेडिओ मागवून घेतला. लावला, तर नुसती घरघर. शेजारचे डोमाजी मोबाइल दुरुस्त करायचे. त्यांनी कान लावून पाहिला आणि हसले.

"वहिनी, शॉर्टवेव्ह कधीचंच मेलं. वापस करून टाका."

"मेलं, तर हे वरडून कोन राह्यलं?"

पंचवीस वर्षं आपली शिलाई मशीन बयनाबाईनं स्वतःच उघडून जोडली होती. यंत्र आवाज करतं म्हणजे काहीतरी सांगतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं घरातली एकेक वस्तू बंद करत नेली. पंखा, टीव्ही, फ्रिज बंद केले, तरी घरघर तशीच. मोबाइलचा चार्जर काढला आणि निम्मी गेली. एलईडी बल्ब मालवला, तशी उरलेलीही ओसरली.

मग तिनं तांब्याच्या तारेचं एक टोक रेडिओच्या अँटेनाला गुंडाळलं आणि दुसरं डोमाजींकडून अंगणातल्या कडुलिंबावर टाकून घेतलं.

"एवढ्यानं काय होते?" डोमाजी म्हणाले.

"भाऊ, ह्या लहरी वर जातात. लय वर, उन्हानं भारलेला हवेचा थर हाय. त्याले आदळून खाली येतात, म्हनून हजारो मैलांवरचं ऐकू येते. भर दुपारी रेडिओवरचे मोठे आकडे लावाचे, दिवस बुडता बुडता लहान. सपनानं समजावलं मले. आता नऊ हजार पाचशे किलोहर्ट्झपासून पाहू."

दिवस कलला होता. ती बटण जरा जरा फिरवत गेली. एक चिनी बोली आली, मग अरबी वाटावं असं गाणं. आणि एकदम स्वच्छ हिंदी! कुठल्याशा दूर देशातली बाई तिथल्या बर्फाच्या बातम्या देत होती.

डोमाजी ओट्यावर बसलेच. तेवढ्यात आवाज बारीक होत बुडाला.

"गेलं! बिघडलं!"

"हात नका लावू. तो थर हालते, मंग आवाज खालीवर होते."

मिनिटभरात बाई परत बोलू लागली.

बयनाबाईनं तारीख, वेळ, आकडा, काय ऐकलं, किती स्पष्ट, सारं लिहून, त्या बाईनं शेवटी सांगितलेल्या पत्त्यावर केंद्राला पत्र टाकलं. दोन महिन्यांनी, तिनं खरंच तेच केंद्र ऐकल्याची पोचपावती देणारं रंगीत कार्ड आलं. त्यावर नाव छापलं होतं 'मैनाबाई'. वाईट डोमाजींनाच वाटलं. बयनाबाईनं त्याच दुपारी दुसरं पत्र लिहिलं: वर ठळक अक्षरांत आपलं खरं नाव, खाली त्या आठवड्यात ऐकलेले आणखी तीन कार्यक्रम.