उघडून पाहणारा माणूस

"काका! परत उघडलीत भट्टी?"

काकांनी भट्टीचं दार झटकन लावलं. पण काय उपयोग? आत टम्म फुगत आलेले केक गार वारा लागताच मधोमध बसले होते.

"नुसतं डोकावलो हो, अक्का. करपतायत की काय वाटलं."

"घंटा वाजेपर्यंत दाराला हात लावायचा नाही, कितीदा सांगायचं?"

"माहीत आहे मला," काका खाली बघत म्हणाले.

माहीत होतं, तीच तर पंचाईत होती! माणूस आळशी असता, उर्मट असता, तर अक्कांनी केव्हाच नारळ दिला असता. पण काका सगळ्यांच्या आधी येत, ओटे लखलखीत पुसत, कुणाला उलटून बोलत नसत. फक्त भट्टीचं दार बंद झालं, की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

पीठ मळणारा पहिलवान बेकरी सुरू झाल्यापासून अक्कांकडे होता. त्याने हात झटकले. "मी मर मर मरायचं आणि यांनी माती करायची! अक्का, आता एक तर ते, नाहीतर मी."

"अरे, बोलते त्यांच्याशी."

"महिनाभर हेच ऐकतोय."

खरं होतं त्याचं. भीड ही भिकेची बहीण, हे अक्का दुसऱ्यांना ऐकवत आणि स्वतः मात्र काकांसमोर गप्प बसत. नव्या माणसाला दिवसभर भट्टीपाशी उभं करून पारखायचं, हा त्यांचाच नियम. पण काका कामाला आले तेव्हा म्हणाले होते, "तरुणपणी भट्टीवर होतो. मग बायको अंथरुणाला खिळली, तिचं करत होतो. गेली ती." अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नियम राहिला बाजूला. माणूस चांगला म्हणजे काम चांगलं, असं त्यांनी धरूनच टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. वृद्धाश्रमाच्या बाई. बेकरीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"अहो, कालचा केक म्हणजे चामडं! इथे दात आहेत कुणाला? रात्रपाळीचा माणूस ठेवलाय तो ढाराढूर घोरतो, आणि दिवसा तुमचा हा केक. मी कुठे कुठे पुरी पडू? पुन्हा असं झालं तर दुसरीकडून मागवीन."

अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी फोन ठेवला, चहाचे दोन कप उचलले आणि काकांना मागच्या पायरीवर बोलावलं.

"काका, भट्टीचं काम तुमचं नाही."

"काढताय मला?"

"हो. आजपासून भट्टीपाशी उभं राहू नका. तुम्हाला न पारखता घेतलं ही माझी चूक, आणि इतके दिवस तोंडावर बोलले नाही ही त्याहून मोठी."

काकांनी कप खाली ठेवला. 

"ती झोपली की मी सारखा दार लोटून बघायचो," ते म्हणाले. "श्वास चालू आहे ना, म्हणून. एका दुपारी माझाच डोळा लागला. नाही बघितलं. तेव्हापासून बंद दार सोसवत नाही, अक्का."

अक्कांना रडू आवरेना. काकांनीच त्यांच्यापुढे चहा सरकवला.

"वृद्धाश्रमात रात्रपाळीला जागा राहणारा माणूस हवाय," अक्का नाक पुसत म्हणाल्या. "पण या वेळी लपवाछपवी नाही. तुम्हाला इथून का काढलं, ते मी बाईंना सगळं सांगणार. आधी काही रात्री करून बघा. तुम्हाला झेपतंय का, त्यांना पटतंय का, मग ठरवा."

"तिथे बंद दारं असतील."

"उघडायला परवानगी असेल."

पुढच्या महिन्यात अक्का स्वतः केकचं खोकं घेऊन वृद्धाश्रमात गेल्या. नवा भट्टीवाला दिवसभर पारखूनच घेतला होता, आणि पहिलवान पुन्हा शिट्ट्या मारत पीठ मळत होता. दारातच एका आजीने त्यांना गाठलं.

"तूच पाठवलास ना तो? मेला रात्रभर डोकावतो!"

"झोपमोड होते का हो, आजी?"

"छे गं! मी सोंग घेऊन पडते. तो बघून जातो, दार हळूच लोटतो, मग मला झोप लागते."

रात्रपाळी संपवून काका समोरून येत होते. डोळे तांबारलेले, पण चेहरा निवांत. त्यांचा हात खोक्याच्या झाकणाकडे गेला आणि तसाच थबकला.

"उघडा की," अक्का म्हणाल्या. "आता नाही बसत तो."