कापडावरचा समुद्र

मी समुद्र बोलतोय. खराखुरा नव्हे, जाड कापडावर रंगवलेला. सध्या माझा मुक्काम संग्रहालयात आहे. चित्रकला आणि सिनेमा यांच्या नात्यावर इथे प्रदर्शन भरलंय. समोरच्या भिंतीवर एक जुना सिनेमा सारखा चालू असतो. त्यात नायिका माझ्यापुढे उभी राहून रडते. लोक एकदा तिच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि म्हणतात, "अय्या, खोटा होता होय!"

माझा जन्म स्टुडिओच्या रंगकामाच्या खोलीतला. तिथले चित्रकार मोठे नावाजलेले. पण माझं कापड ताणलं, त्याच आठवड्यात ते शिडीवरून पडले आणि उजवा हात कायमचा कामातून गेला. आता घर कसं चालायचं? मग त्यांची बायकोच ब्रश घेऊन उभी राहिली. बाहेर सांगायचं, डबा द्यायला आलेय. आत दाराला कडी. लहानगा मुलगा खाली रंगाच्या डब्यांशी खेळत असायचा.

ते खुर्चीत बसून म्हणायचे, "लाटा जरा खाली घे."

"तुम्ही गप्प बसा हो. मला दिसतोय समुद्र."

शेवटची लाट सुकली, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. स्वतःची. ती बघत होती. मग ब्रश धुवायला गेली. मला वाटलं, भांडेल. नाही भांडली.

सिनेमा गाजला. त्यांचा सत्कार झाला. पुढे लोक खऱ्या समुद्रावर जाऊन सिनेमे काढू लागले आणि माझी रवानगी गोदामात झाली. अंगावर मोडक्या खुर्च्या रचल्या, उंदरांनी किनारा कुरतडला. संग्रहालयाच्या माणसांनी मला शोधून काढलं, झाडलं, शिवलं आणि उजेडात टांगलं, तोवर चित्रकार देवाघरी गेले होते. शेजारी पाटी लागली. पाटीवर त्यांचंच नाव.

उद्घाटनाला ती आली. म्हातारी झालेली, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, मुलाचा हात धरून चालत होती. संग्रहालयाच्या बाई लगबगीने पुढे आल्या. "आजी, सरांबद्दल दोन शब्द बोला ना."

"मी खरं तेच बोलेन," ती मुलाला म्हणाली.

"आई, आता कशाला उकरतेस? बाबा नाहीत उत्तर द्यायला."

"उद्या मीही नसेन. मग कोण देईल?"

माइक हातात घेऊन ती सरळ म्हणाली, "हा पडदा मी रंगवलाय. ह्यांचा हात चालत नव्हता. यातली एकेक लाट माझी आहे."

आणि मग टाळ्यांचा नुसता कडकडाट! बाईंनी डोळे पुसले. "किती सुंदर बोललात! नवऱ्याच्या कलेशी इतकं एकरूप होणं!" असं म्हणत त्यांनी तिच्या हातात गुच्छ दिला.

मुलाला सगळं ठाऊक होतं. त्याच्या एका वाक्याने काम झालं असतं. तो म्हणाला, "चल आई, गाडी लागलीय."

काही दिवसांनी एक माणूस आला आणि त्याने पाटी उतरवली. मला उधाण आलं म्हणा ना! नवी पाटी लागली. वर चित्रकारांचं नाव, तसंच. खाली बारीक अक्षरांत, 'पत्नीच्या सहकार्याने'.

ती पुन्हा आली. "पाटी बदलली म्हणे. वाच बघू."

मुलगा पाटीपुढे उभा राहिला. घसा खाकरला. "चित्रकार," तो म्हणाला आणि पुढे त्याने आईचं नाव घेतलं. फक्त तिचं.

"परत वाच."

त्याने परत तसंच वाचलं. ती हसली, पदराने डोळे टिपले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माझं गुणाचं लेकरू ते."

मला ओरडावंसं वाटलं. पण रंगवलेल्या समुद्राला गाज कुठली?

म्हणून तुम्हाला सांगतोय. तो जे वाचून गेला, तेवढंच पाटीवर लिहायचंय, एका दुपारचं काम आहे. ती अजून जिवंत आहे. कोणीतरी करा.