नटवलेलं मशीन

अण्णांना एक खोड होती. घरात काहीही अडचण असो, बाहेरच्या माणसाला ती दिसता कामा नये. अंगात ताप असला तरी दारात कुणी आलं की दाढी करून, भांग पाडून ते बाहेर यायचे आणि म्हणायचे, "आम्ही मजेत!" सूनबाईला सासऱ्यांच्या या खोडीचं एरवी हसू यायचं. त्या सकाळी मात्र तिला रडायचंच तेवढं बाकी राहिलं होतं.

त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. शाळेच्या वह्या, कॉलेजचे प्रबंध, ऑफिसांचे अहवाल, जे येईल ते बांधून द्यायचं. शिवणं, खळ लावणं, पुठ्ठा चढवणं ही कामं सूनबाई गप्पा मारता मारता उरकायची. कडा कापायचं काम मात्र अण्णांनी तरुणपणी आणलेल्या कटिंग मशीनचं. नुसतं लोखंडी धूड! बाजूचं भलंमोठं चाक अंगातला सगळा जोर लावून ओढायचं, तेव्हा कुठे पातं कागदाच्या गठ्ठ्यातून खाली उतरायचं.

ते चाक ओढून ओढून तिच्या नवऱ्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, आता पुन्हा चाकाला हात लावाल तर हा हात आयुष्यात वर जाणार नाही. नवऱ्याने शहाण्यासारखी मान डोलावली, हात गळ्यातल्या झोळीत अडकवला आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताने चाक ओढायला लागला. जड गठ्ठा आला की बायकोची नजर चुकवून उजवाही लावायचा. तिची नजर कसली चुकतेय!

म्हणून तिने एक सरकारी योजना शोधून काढली होती. लहान धंदेवाल्यांनी जुनं यंत्र काढून कॉम्प्युटरवर चालणारं घेतलं, तर निम्मी किंमत सरकार देणार. अट एकच, पण मोठी चिवट. जुन्या यंत्राने खरोखर काम अडतंय, हे अधिकाऱ्याला दुकानात येऊन डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

"आहे तस्संच राहू द्या," तिने अण्णांना बजावलं होतं. "गंज, धूळ, काही झटकू नका."

"बरं," अण्णा म्हणाले. अण्णांचं 'बरं' म्हणजे काय, हे इतक्या वर्षांत तिला कळायला हवं होतं.

सकाळी ती कागदांच्या झेरॉक्स काढायला गेली आणि परत येऊन बघते तर काय, मशीन रंगवून हिरवंगार! चाकाची पितळी मूठ लखलखतेय, जमिनीवर कागदाचा कपटा नाही, आणि अण्णा मागच्या मोरीत रॉकेलने हात धुतायत. नवराही इस्त्रीचा शर्ट घालून उभा. गळ्यात झोळी नाही.

तिने कपाळाला हात लावला. "अण्णा, काय केलंत हे?"

"अगं, सरकारचा माणूस येणार. त्याच्यापुढे काय रडगाणं गायचं? आपली काही इज्जत आहे की नाही?"

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. आलेल्या बाई होत्या, डोक्यावर हेल्मेट, खांद्याला पिशवी. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली, इथे हात टेकला, तिथे वाकून बघितलं.

"छान ठेवलंय की!" बाई म्हणाल्या.

"म्हणजे काय!" अण्णा फुलून आले. "एक दिवस रुसलं नाही कधी. आजही लोण्यासारखं कापतं."

सूनबाई मागून डोळे वटारत होती, पण अण्णांना आता ब्रेक नव्हता.

"मग नवीन कशाला हवंय?" बाईंनी विचारलं.

अण्णा चाकाची मूठ पुसायला लागले. सूनबाई बोलायला पुढे सरकली, तर बाईंनी हातानेच थांबवलं. "रोज जो चालवतो, त्याने चालवून दाखवा."

नवऱ्याने कागदांचा गठ्ठा लावला. चेहऱ्यावर उसनं हसू आणून त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले आणि ओढलं. चाक जेमतेम हललं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तो सोडेना.

"अहो, नको!" सूनबाई ओरडली.

पण तिच्या आधी अण्णा पोचले होते. त्यांनी मुलाचे हात चाकावरून अक्षरशः सोडवले. मग स्वतःच्या खिशात हात घालून ती झोळी बाहेर काढली आणि त्याच्या गळ्यात बांधली.

"मीच काढायला लावली होती, बाई," ते म्हणाले. "मशीन चांगलं आहे हो. माझा मुलगा मोडला त्याच्यापायी. आणि मी त्याला रंग लावत बसलो."

मग बाईंनी आपला पंजा वर केला. सगळा हिरवा!

"काका, रंग ओला आहे हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं," त्या म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. "मी जिथे जाते तिथे लोक चांगल्या मशीनवर माती उडवून ठेवतात, यंत्राचे पट्टे काढून लपवतात. नटवून दाखवणारे तुम्ही पहिलेच. आता डॉक्टरांचा कागद द्या, आणि आधी रॉकेल द्या."

सूनबाईचा जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं ते न कळून तिने दोन्ही केलं.

मंजुरी आली, मागोमाग नवीन मशीन आलं. ते सूनबाई चालवते. आकडे टाकायचे, गठ्ठा लावायचा, दोन बटणं दाबायची, की पातं अलगद खाली. जुनं धूड कोपऱ्यात आहे. त्याच्यावर बाईंच्या पाच बोटांचा ठसा उमटलाय, आणि रंगाचे इतके शौकीन अण्णा, पण तो त्यांनी बुजवला नाही.

काही महिन्यांनी एका दुपारी खळीचा नवा डबा हवा होता. डबा होता सगळ्यात वरच्या फळीवर. सूनबाई स्टूल आणायला वळली, तोवर नवऱ्याने सहज उजवा हात वर केला आणि डबा खाली घेतला. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो त्या डब्याकडे बघतच राहिला.

तेवढ्यात प्रबंध न्यायला एक गिऱ्हाईक आलं. "काय अण्णा, कसं काय?"

"आम्ही मजेत!" अण्णा म्हणाले. डोळे पुसायचे मात्र राहूनच गेले.