माळ की नग

शाळेत मी तीनच वर्षं गेले, तीही अर्धीमुर्धी. बाकीचं शिक्षण समुद्रकाठच्या सोक्चोच्या बाजारात झालं, आईच्या सुक्या माशांच्या टोपलीपाशी. वीस माशांची एक माळ. घाऊकवाला माळांत बोलायचा, खानावळवाली नगांत, आणि भांडण व्हायचं माझ्या आईशी. म्हणून भाव सांगण्याआधी ती एकच विचारायची, "माळ की नग?"

योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जुन्या हार्ड डिस्कचा गाळा चालवून मला एकतीस वर्षं झाली. इथे हेच विचारावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मेंगकाका आले. वय त्र्याऐंशी, अंगात कडक इस्त्रीचा कोट, रुमालात गुंडाळलेली एक डिस्क. त्यांच्या कुळाची वंशावळ तिच्यात होती. कुळाचा ग्रंथ तीस वर्षांतून एकदा छापतात आणि छापखान्यानं मुदत दिली होती त्याच संध्याकाळी पाचची. यंदाच्या ग्रंथात काकांनी मुली घातल्या होत्या. आजवर फक्त मुलगे असायचे. मुलीच्या जागी फार तर जावयाचं नाव. काका अकरा वर्षं घरोघर फिरले, कुठल्या घरची कोणती लेक कुठे दिली ते विचारलं. दुसरी प्रत ठेवली नव्हती. मी बोलले त्यांना. असल्या वेळी मला गप्प बसता येत नाही. काका म्हणाले, "बाई, पुढच्या खेपेला मी एकशे तेरा वर्षांचा असेन." मग मात्र मी गप्प बसले.

डिस्क लावून पाहिली. फिरत होती, पण बाराव्या मिनिटाला तापून आचके द्यायला लागली. बंद करून तासभर थंड होऊ दिली. काकांना स्पष्ट सांगितलं, ही आता एकदाच चालेल, बारा मिनिटं. त्यात निघेल ते आपलं.

माझा जावई मिन-सोप बावीस वर्षं टेलिफोन कंपनीत होता. पन्नाशीला कंपनीनं घरी बसवला, तेव्हापासून माझ्या गाळ्यावर. हुशार आहे, पण हुशारी खिशाला पेन लावावं तशी मिरवतो. मीच त्याला म्हटलं, माल थेट इंटरनेटच्या तारेनं छापखान्यात जात असेल तर बघ, तेवढीच काकांची धावपळ वाचेल. त्यानं पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. डिस्कवर लिहिलेला वेग तेहेतीस, तारेचा शंभर. म्हणाला, तार तिप्पट जोरात आहे, काळजीच नको. त्यानं डिस्क चालू केली आणि मी सूप आणायला गेले.

परत आले तर पाच मिनिटं झाली होती आणि पडद्यावरची पट्टी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला. मी पुठ्ठा उचलला.

"हे तेहेतीस कशाचे?"

"मेगा, सेकंदाला."

"आणि शंभर?"

"तेही मेगाच, आई."

"माळ की नग?"

त्याचा चेहराच उतरला. डिस्कवाले बाइट मोजतात, तारवाले बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. आठाची माळ. शंभर नगांच्या झाल्या साडेबारा माळा, वाटेतली गळती धरून दहा. डिस्कवरचे तेहेतीसही लग्नातल्या स्थळासारखे, सांगायला तेहेतीस, घरात अठरा. तरी दहापेक्षा अठरा बरे. एकूण माल नऊ हजार माळांचा. तारेनं पंधरा मिनिटं लागणार होती आणि डिस्कजवळ होती बारा. टेलिफोनातल्या माणसाला जन्मभर नगच मोजायची सवय, त्याचा तरी काय दोष?

डिस्क फिरती ठेवून आम्ही तार तोडली आणि शेजारी नवी डिस्क जोडली. यात एक मिनिट गेलं. उरली सहा मिनिटं, काम साडेपाचाचं. काका पाठीमागे उभे होते, त्यांना खुर्चीवर बसवायचंसुद्धा कोणाला सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, "काका, चूक दुकानाची आहे. माल कदाचित पुरता निघणार नाही. आधी काय काढू?"

"छापखान्यात गेलं काय आहे?"

मिन-सोपनं यादी दाखवली. थोरल्या घरापासून क्रमानं मुलगे गेले होते. मुलींचं एकही पान गेलं नव्हतं, ती पानं शेवटी होती.

"मुली आधी," काका म्हणाले. "मुलगे मागच्या ग्रंथात छापलेले आहेत. ते कुठे जात नाहीत."

मुली निघाल्या. मग राहिलेले मुलगे. मग गावच्या थडग्यांचे फोटो सुरू झाले आणि अकरा मिनिटं होऊन गेल्यावर डिस्कनं दोन आचके दिले, कोंबडीच्या मानेसारखे, आणि थांबली. थडग्यांचे चाळीसएक फोटो आतच राहिले.

मिन-सोपनं मान खाली घालून माफी मागितली, अगदी कमरेत वाकून. काकांनी नवी डिस्क कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.

"थडगी काय पळून जातात?" ते म्हणाले. "पुन्हा काढीन फोटो." पंधरा मिनिटांत छापखान्याला पोचवणारी मेट्रो कुठली ते विचारून ते निघाले. सूप प्यायलाही थांबले नाहीत.

मिन-सोपनं पुठ्ठा पुन्हा हातात घेतला. मी त्याच्यापुढे वाटी सरकवली. म्हटलं, खा, गार झालंय, पण तुझ्या हिशेबापेक्षा बरं आहे. तो हसला. मग पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'आठ' लिहून त्यानं तो गाळ्याच्या खांबाला चिकटवला. मी काढला नाही.