मकदूमची मांडी

"दाव की गं, एकडाव बघू दे आमाला बी," म्हणत बजाबाईने बाळाच्या दुपट्याला हात घातला, तोच बाळाच्या आजीने, नूरबीने, तो हात मनगटाशी धरला.

"बघायचं काय त्यात? बापावर गेलाय," ती म्हणाली.

बाळाच्या छटीला, सहाव्या दिवशी, जमलेल्या बायांत एकदम कालवा उठला. "माशाअल्ला! म्हंजे ह्यो बी पैगंबरी?" कुणी बाळाच्या पायाला हात लावून तो डोळ्यांना लावला, कुणी बाळंतिणीवरून कानशिलावर बोटं मोडली. शेजारची बजाबाई तर उंबऱ्यातच बसली. "एका घरात दोन पिढ्या! लई पुण्याचं घर बाई तुमचं."

पहिली पाळी संपवून मकदूम दारात येऊन उभा राहिला होता. हातात बत्ताशांचा पुडा होता. मुलगा झाला म्हणून कारखान्यातल्या लोकांनी पाच दिवस त्याची पाठ थोपटली होती. आता आईचं ते वाक्य कानावर पडलं आणि त्याचे कान तापले. बत्ताशे बजाबाईच्या हातात देऊन तो तसाच मागे वळला आणि नळावर जाऊन उगीचच पाय धूत बसला.

भवानी पेठेतल्या त्या गल्लीत मकदूमला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. माणूस साधा. वय सत्तावीस, चादरीच्या कारखान्यात मागावर उभा राहायचा, बोलायचा कमी, पान-तंबाखूचंही व्यसन नाही. सांगण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं, पण एका गोष्टीपायी गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं होतं. कधीमधी एखादं मूल सुंता झालेलंच जन्माला येतं, फरिश्ते त्याला तसंच करून पाठवतात, असं लोक मानतात. अशा मुलाला पैगंबरी म्हणायचं. त्याच्या हाताला गुण असतो, आणि सुंतेच्या वेळी पोराला त्याच्या मांडीवर बसवलं तर जखम लवकर भरते, असा समज. मकदूमला मिसरूड फुटल्यापासून गल्लीतलं एकेक पोर त्याच्या मांडीवर बसलं होतं. पोराचे पाय आपल्या पायांत अडकवायचे, हात मागून धरायचे, आणि हज्जामाने वस्तरा उचलला की पोराची हनुवटी वर करून म्हणायचं, "वो देख, सोने की चिडिया!" पोर आढ्याकडे बघायचं. तेवढ्यात काम झालेलं असायचं. बजाबाईसारखी हिंदू बाईसुद्धा तापलेला नातू घेऊन त्याच्याकडे आली होती. त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आता ताप म्हटलं की कधीतरी उतरतोच, पण ते ऐकतो कोण?

आणि खरी गोष्ट अशी होती की मकदूम पैगंबरी नव्हता. त्याची सुंता फरिश्त्यांनी केली नव्हती आणि हज्जामानेही केली नव्हती. ती झालीच नव्हती.

इतकी वर्षं हे झाकून कसं राहिलं? राहतं. एकदा पैगंबरी म्हटल्यावर तपासायला कोण येतो? बाकीचं मकदूमने सांभाळलं. उन्हाळ्यात गल्लीतली पोरं तळ्यात उड्या मारायची, तेव्हा हा काठावर बसून त्यांचे कपडे राखायचा. आंघोळ दार लावून. कुस्तीच्या तालमीत एकदाही पाय ठेवला नाही. लोक म्हणत, पोरगा लाजाळू आहे. ते मात्र खरं होतं.

बाया पांगल्या. नूरबी भांडी परत करायला शेजारी गेली. मकदूमची बायको सायराबानू बाजेवर बाळाला घेऊन बसली होती. मकदूम आत आला तसं तिने विचारलं, "अम्मा काय बोलल्या आयकलं न्हवं?"

"आयकलं."

"मग?"

कोपऱ्यातल्या घागरीवरचं झाकण त्याने काढलं आणि पुन्हा ठेवलं.

"माजे चार भाऊ माज्या पाठचे," सायराबानू म्हणाली. "चौघांना बी मीच न्हाऊ घातलंय. सुंतेच्या आदी बी आन् नंतर बी. तुमाला काय वाटलं, मला काय कळत न्हाय?"

लग्नाला पाच वर्षं झाली होती. पहिल्या रात्री ती काही बोलली नाही, तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला होता. बायको भोळी आहे, तिला काय ठाऊक, असं तो मनात म्हणाला होता. त्या भोळेपणाचं त्याला प्रेमही वाटायचं. आणि ही बाई पाच वर्षं सगळं जाणून त्याच्या ताटात भाकरी वाढत होती, गल्लीतल्या बाया "नशिबाची गं तू" म्हणाल्या की मान डोलवत होती. तिला भोळी समजून आपण सुखात राहिलो, याची त्याला मूळ गोष्टीपेक्षाही जास्त लाज वाटली.

"का बोलली न्हाईस?"

"तुमची गोष्ट. तुमी बोलाल म्हणलं कवातरी." तिने बाळाचं दुपटं नीट केलं. "पर ह्याचं मी न्हाय चालू देनार. ह्यो बी जलमभर दार लावून आंगूळ करंल? उद्या ह्याच्या मांडीवर लोकांची पोरं बशिवतील, तवा ह्यानं कुटं त्वांड लपवायचं?"

"सुंता केली तर अम्मा खोटी पडती. आन् मी बी."

"मग पडा की. पडलेला मानूस उटतो तरी. तुमी पाच वर्सं निस्तं वाकून चालताय, बघतीया न्हवं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नूरबी चुलीपुढे भाकरी थापत होती. मकदूम तिच्याजवळ बसला.

"अम्मा, पोराचं तसं का सांगितलंस?"

नूरबीचे हात थांबले नाहीत. "का म्हंजे? तुजं सांगितलं तसंच ह्याचं."

"तवाची गोष्ट निराळी व्हती."

"काय निराळी व्हती?" आता तिने भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे वळली. "पोलीस अ‍ॅक्शनच्या साली तुजा बाप बाजाराला म्हनून गेला. रस्त्यात अडवला. त्यानं नाव काय सांगितलं ते ठावं न्हाय मला. पर नावावर कोन थांबतंय? पायजमा सोडाय लावला. मानसं मला सांगाय आली तवा तू हितं माज्या पदराखाली पीत व्हतास." तिचा आवाज चढला नव्हता. भाजी काय आणली ते सांगावं तशी ती सांगत होती. "तवाच ठरिवलं. ह्याच्या अंगावर वळखीची निशानी ठिवायची न्हाय. नळदुर्गाकडचं गाव सोडलं, हितं सोलापुरात आले. हितं आपल्याला कोन वळखत व्हतं? शेजारणी इचारत्यात, पोराची सुंता कवा? तोंडाला आलं ते बोलले. पैगंबरी हाय म्हणलं. आन् दंग्याच्या साली तू जिता घरला आलास. कशामुळं आलास, सांग की."

मकदूम उठला. भाकरी न खाताच त्याने चपला घातल्या. कशामुळे आलो, हे त्याला आईपेक्षा चांगलं माहीत होतं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या पेठेतली एक सुंता उरकून तो आणि रहिमतुल्ला हज्जाम परत येत होते. दोघं एका वयाचे. शहरात गडबड सुरू झाल्याचं त्यांना वाटेतच कळलं. एका वळणावर पाच-सहा जणांनी अडवलं. हातात काठ्या होत्या. एकाने मकदूमला नाव विचारलं. "धोंडीराम," मकदूम म्हणाला. कुठून आलं ते नाव कुणास ठाऊक, पण विचार करायला लागलं नाही. आणि पुढे कुणी काही सांगायच्या आधीच त्याने आपल्या हाताने नाडी सोडली. त्यांनी बघितलं. "जा," म्हणाले. शेजारी रहिमतुल्ला वस्तऱ्याची पेटी छातीशी धरून उभा होता. मकदूमने त्याच्याकडे बघितलं नाही. तो चालू लागला. पळालाही नाही, सावकाश चालला. धोंडीराम कशाला पळेल? पाठीमागे काठीचा आवाज आला, मग पेटी पडल्याचा आला, तरी त्याने मान वळवली नाही.

रहिमतुल्ला जगला. डावा गुडघा मात्र कायमचा ताठ राहिला. चार महिन्यांनी तो पुन्हा कामाला लागला, तेव्हा पहिल्याच सुंतेला त्याने निरोप धाडला, "मकदूमला बोलवा." तेव्हापासून सात वर्षं एक धरत होता आणि एक कापत होता. त्या दिवसाविषयी दोघांत एक अक्षर निघालं नव्हतं.

रहिमतुल्लाचं दुकान म्हणजे लाकडी खोकं, एक खुर्ची आणि डाग पडलेला आरसा. ताठ पाय पुढे पसरून तो चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत होता.

"ये. दाढी?"

"न्हाय. पोराची सुंता करायची हाय."

वस्तरा थांबला. "अम्मानं तर गल्लीभर सांगितलंय."

"अम्मानं खोटं सांगितलंय."

"बरं."

"माजं बी खोटंच सांगितलं व्हतं."

"ते ठावं हाय की मला," रहिमतुल्ला म्हणाला. "मी तितंच उबा व्हतो."

मकदूमने खाली बघितलं. फरशीवर कुणाचे तरी पांढरे केस पडले होते. लाजेने माणूस मरत असता तर बरं झालं असतं, असं त्याला त्या घडीला वाटलं.

"मग मला का बोलवत आलास?" त्याने कसंबसं विचारलं. "सात वर्सं?"

"तुला काय वाटलं, पैगंबरी म्हनून?" रहिमतुल्लाने वस्तऱ्याची धार अंगठ्यावर पाहिली. "पोर रडाय लागलं की समद्यांची मांडी हालती. बापाची तर लईच. तुजी हालत न्हाय. हातात वस्तरा असला की मला तेवडंच लागतंय." पट्टा बाजूला सारत तो म्हणाला, "त्या दिशी निगून गेलास तवा बी तुजा पाय हालला न्हवता."

रस्त्यावरून एक टांगा गेला.

"माजी बी करून टाक मग," मकदूम एकदम बोलून गेला. हे बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं.

"तुजी?" रहिमतुल्ला हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "त्यानं माजा गुडगा वाकनार हाय व्हय?"

मकदूमची नजर त्या पसरलेल्या पायावर गेली.

"पोराची करू," रहिमतुल्ला म्हणाला. "पर दार लावून न्हाय. लोकांची पोरं जशी चारचौघांत धरलीस तसंच ह्याला धरायचं. आन् लोकांना काय सांगायचं ते तू सांगायचंस. मी फकस्त वस्तरा धरनार."

एकविसाव्या दिवशी सकाळी अंगणात चटई पडली. कालवलेली राख, जुन्या धोतराच्या चिंध्या, कोमट पाण्याचं भांडं, सगळं सायराबानूने स्वतः आणून ठेवलं आणि ती आतल्या दाराशी उभी राहिली. नूरबी खोलीत भिंतीकडे तोंड करून तसबीहची माळ ओढत बसली होती. पंधरा दिवस ती मुलाशी एक शब्दही बोलली नव्हती. अंगणात गल्ली जमली होती ती आनंदापेक्षा नवलानेच.

"पैगंबरी पोराची कसली वो सुंता?" बजाबाईने मोठ्याने विचारलं. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

मकदूम पाटावर बसला. बाळ त्याच्या मांडीवर होतं. तो बोलला ते गरजेपेक्षा मोठ्याने.

"ह्यो पैगंबरी न्हाय. मी बी न्हाय. कवाच न्हवतो."

आतून येणारा तसबीहच्या मण्यांचा आवाज थांबला. ज्याच्या दोन्ही मुलांना मकदूमने धरलं होतं असा एक माणूस टोपी सारखी करत उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर निघून गेला. बजाबाई तोंडाला पदर लावून बसली होती.

"आगं बया," ती शेवटी म्हणाली, "मग माज्या नातवाचा ताप कसा उतरला?"

कुणी हसलं नाही. मकदूमने रहिमतुल्लाकडे बघितलं. अजून एक सांगायचं राहिलं होतं. धोंडीराम राहिला होता. त्याने तोंड उघडलं. रहिमतुल्लाने किंचित मान हलवली, नको म्हणून.

"धर," तो म्हणाला. "पोराला गारठा बाधंल."

मकदूमने बाळाचे पाय धरले. ते त्याच्या बोटांएवढे होते. रहिमतुल्ला समोर बसला, ताठ पाय बाजूला पसरून. त्याने वस्तरा पाण्यातून काढला, पुसला, आणि थांबला.

"मांडी हालतीया," तो हळूच म्हणाला.

"व्हय."

मकदूमने दात आवळले. मांडी थांबली नाही. इतकी वर्षं लोकांच्या पोरांखाली दगडासारखी राहिलेली ती मांडी आता त्याचं ऐकत नव्हती. गल्ली बघत होती, आणि सायराबानूही.

रहिमतुल्लाने वस्तरा फडक्यावर ठेवला. दोन्ही हातांनी आपला ताठ पाय उचलून त्याने मकदूमच्या गुडघ्यावर आडवा टाकला आणि दाबला. तो पाय वाकणारा नव्हताच. मांडी हळूहळू थांबली. मग त्याने वस्तरा पुन्हा उचलला.

"वो देख," आज हे तोच म्हणाला, "सोने की चिडिया."

एकवीस दिवसांच्या पोराची नजर अजून ठरत नव्हती. वर बघितलं ते मकदूमने.