मुद्देमालाच्या खोलीत अकरा महिने

माझ्या पाठीवरचा पांढरा आकडा पाहून बिचकू नका, मित्रांनो. मी पायाने चालवायची एक जुनी शिलाई मशीन आहे. कधी कुणाचे वाईट केले नाही. तरी अकरा महिने मी पोलीस ठाण्यात कोंडलेली होते.

माझी उमेदीची वर्षे मंडईजवळच्या एका गाळ्यात गेली. रंगनाथ मास्तर माझे मालक. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. रोज सकाळी तेलाचे दोन थेंब दिल्याशिवाय ते मला चालवत नसत. पुढे त्यांची नजर अधू झाली, गाळा बंद झाला आणि मी त्यांच्या घरात धूळ खात पडले.

गाळ्यात काज-बटणे करायला सुरमा यायची. ती पारधी समाजातली. शहराबाहेर, सोलापूर रस्त्याच्या पलीकडे माळावर तिची वस्ती. मास्तरांनी मला तिच्या हवाली केले. म्हणाले, "ने ग सुरमा. इथे गंजण्यापेक्षा तुझ्याकडे चालू दे."

पत्र्याच्या खोलीत तिने मला दाराजवळ उजेडाची जागा दिली. तिचा नवरा कचरू इमारतींच्या कामावर जायचा. त्यांची मुलगी पायल चिंध्या गोळा करून बाहुल्या बनवायची. दिवस बरे चालले होते. पण माळावर गाडीचा आवाज आला की पायडलवरचा सुरमाचा पाय थांबायचा. आवाज पुढे निघून गेला की मगच हलायचा. मंडईत दिवसभर गाड्यांची वर्दळ असे, तिथे तिला कधी असे झाले नव्हते.

मग मला मास्तरांचे एक बोलणे आठवले. इंग्रजांनी म्हणे कायदा केला होता, की काही जमातींत जन्मलेला माणूस जन्मतःच गुन्हेगार. स्वातंत्र्यानंतर तो रद्द झाला. "कायदा गेला हो," मास्तर एका गिऱ्हाइकाला म्हणाले होते, "नजर कुठे गेली?"

दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, पलीकडच्या सोसायटीत घरफोडी झाली. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी जीप थेट वस्तीत आली. चौकशी नाही, काही नाही. डब्यांतले पीठ जमिनीवर ओतले, गोधड्या फाडून पाहिल्या. कचरूची गचांडी धरली. मग हवालदाराने मला काठीने ठोकले.

"ही कुणाची उचलली?"

"साहेब, रंगनाथ मास्तरांनी दिलीय," सुरमा म्हणाली. "मंडईपाशी हायेत ते. इचारा त्यांना."

"पारध्याला कोण मशीन देतो? चोरीचीच असणार."

मला जीपमध्ये चढवले आणि कचरूला माझ्याशेजारी खाली बसवले. त्याने माझा लोखंडी पाय घट्ट धरला होता. 

ठाण्यात माझ्या पाठीवर आकडा रंगवला आणि मला मुद्देमालाच्या खोलीत ढकलले. गुन्ह्यातला माल म्हणून जप्त केलेल्या वस्तू तिथे ठेवतात. पलीकडची भिंत पातळ होती. त्या भिंतीतून जे जे ऐकू आले, ते सगळे मी तुम्हाला सांगणार नाही. "कबूल कर" हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. कचरू म्हणत होता, "मी नव्हतो ओ साहेब. स्लॅबच्या कामावर व्हतो. मुकादमाला इचारा." मुकादमाला कुणी विचारले नाही. मग कचरूचा आवाजच येईनासा झाला. मी वाट पाहत राहिले. निदान खोकला तरी यावा, असे वाटत होते. फार वेळाने तो खोकला.

इकडे सुरमा मास्तरांच्या दारात गेली. हे मी नंतर तिच्याच तोंडून ऐकले. मास्तर घाबरले. "या वयात मला पोलिसांची भानगड नको ग," म्हणाले आणि त्यांनी दार लोटून घेतले. सुरमा पायरीवर बसून राहिली. तासाभराने मास्तर चपला घालून बाहेर आले.

ठाण्यात त्यांचा आवाज मी लगेच ओळखला. कापत होता, पण पुणेरी होता.

"साहेब, माझी मशीन चोरीला गेली म्हणे. मलाच कळवायचे राहिले वाटते?"

"आजोबा, घरी जा. हे लोक तुम्हाला माहीत नाहीत."

"सात वर्षे माझ्या गाळ्यात काज-बटणे करत बसली ही सुरमा. आपली आणि तिची किती वर्षांची ओळख?"

साहेबांनी दाराकडे बोट दाखवले. मास्तर मात्र लेखी जबाब दिल्याशिवाय तिथून हलले नाहीत. तोच कागद कचरूच्या वकिलाने कोर्टात दाखवला आणि बाराव्या दिवशी कचरू जामिनावर सुटला. खरे चोर दोन महिन्यांनी भलतीकडेच सापडले. कचरूवरचा खटला मिटला. पण चूक झाली, असे सांगायला वस्तीत कुणी आले नाही. मी तर कोर्टाचा हुकूम हातात पडेपर्यंत तिथेच गंजत होते.

घरी आले तेव्हा माझी वादी तुटलेली, चाक जाम झालेले. सुरमाने रॉकेल लावून गंज घासला, तेल दिले. मी पुन्हा चालू लागले. कचरूच्या उजव्या हाताची दोन बोटे मात्र अजून सरळ होत नाहीत.

गेल्या महिन्यात जवळपास कुठेतरी पुन्हा चोरी झाली. त्या दिवशी सुरमाने मेणकापडाची एक छोटी पिशवी शिवली. माझ्यावरच शिवली. तिच्यात कचरूवरचा खटला मिटल्याच्या कोर्टाच्या कागदाची नक्कल घातली आणि पिशवी पायलच्या दप्तरात आतून टाचली.

"कुणी अडवलं तर पळायचं न्हाई," ती म्हणाली. "पळालं की चोर म्हणत्यात. उभं राहायचं अन् हे दाखवायचं."

"आणि त्यांनी वाचलंच न्हाई तर?"

सुरमाने समोरचे कापड सुईखाली ओढले. तिने पायडलवर पाय ठेवला. टाके वाकडे पडले.

मित्रांनो, यंत्रांना वेळच्या वेळी तेल द्या, एवढेच मी सांगणार होते. पण आता आणखी एक मागते. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली, तर आधी पायलचे दप्तर उघडू नका. त्यात पुस्तकांच्या मागे कोर्टाचा कागद आहे. दहा वर्षांची मुलगी तो रोज शाळेत नेते.