दोन बाटल्या

झाकणाखाली चिकटपट्टी, पट्टीवर तिच्याच अक्षरात ‘माठ’ — आणि आतलं पाणी काळं. शाईसारखं नव्हे, करपलेल्या दुधाच्या पातेल्याच्या बुडासारखं. शेजारची ‘नळ’ लिहिलेली बाटली मात्र कालच्याइतकीच नितळ. खिडकीतल्या या दोन बोटभर बाटल्यांकडे ती लेकीला कडेवर घेऊन बघत राहिली... बाटलीत तपासणीचं रसायन असतं; पाण्यात घाण असली की ती दोन दिवसांत काळी पडते, एवढं साधं. नळ आल्यापासून दर महिन्याला तीच तपासायची. शिकलेली सून म्हणून गावाने तिच्यावर हे काम सोपवलं होतं. मोठी जाऊ तिला ‘पाण्याची डॉक्टरीण’ म्हणायची, आणि तिला ते आवडायचंही. घरचा माठ तिने कधी तपासलाच नव्हता — घरचं काय तपासायचं? परवा एक बाटली उरली, म्हणून.

"ताई, माठ कुठल्या पाण्याने भरता?"

"विहिरीच्या," भांडी घासता घासता जाऊ बोलून गेली, आणि वाटी हातातच राहिली. मग हसली. "अगं, नळाला औषधाचा वास येतो. आईंच्या घशाखाली उतरत नाही. आणि विहिरीवर चार जणी भेटल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. नळाशी काय बोलणार?"

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच की. भावोजींना माहीत आहे. तेच म्हणाले, तिला सांगू नका, उगाच डोक्यात राख घालून घेईल."

भावोजी. म्हणजे तिचा नवरा; शाळेत पोरांना हात धुवायला शिकवणारे मास्तर.

नळ आला तेव्हा तिची सकाळ मोकळी झाली होती, लेकीला मांडीवर घेऊन दोन पानं वाचण्याइतकी. सासूबाई विहिरीवरून कळशी आणायच्या, ती धुण्याभांड्याला, असंच ती धरून चालली होती; त्यांची सकाळ त्या विहिरीवर आहे, हे तिला सुचलंच नव्हतं... पण मला विचारायचं तरी. मी उकळून दिलं असतं, हसतहसत दिलं असतं.

गेल्या महिन्यात जुलाबांनी लेकीने मान टाकली होती. सलाईनसाठी तीनदा टोचलं, तेव्हा कुठे शीर सापडली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? आणि ती — छाती काढून, हो, छाती काढूनच — "नळाचं. मी स्वतः तपासते." नवरा शेजारीच उभा होता. त्याने स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. तिला वाटलं, रडू दाबतोय. तिने त्याचा हात हातात घेतला. घामाने ओला होता तो हात... आत्ता तिचा तळवा आपोआप आखडला. आणि सासूबाई सहा दिवस खाटेशी बसून, लेकीचं पाऊल मुठीत धरून, चमच्या-चमच्याने पाणी पाजत होत्या. घरून भरून आणलेलं पाणी. घरून — रोज तोच तर आणून द्यायचा.

कळशी घेऊन सासूबाई आत आल्या. चेहऱ्यावर विहिरीवरचं हसू अजून होतं. माठात कळशी रिकामी करून त्यांनी फुलपात्र भरलं.

"ये गं माझे बाय, तहान लागली?"

लेकीने दोन्ही हात पुढे केले. ती लेकीला घेऊन दोन पावलं मागे सरली. फुलपात्र हवेतच राहिलं. सासूबाईंनी आधी तिच्याकडे, मग खिडकीतल्या काळ्या बाटलीकडे पाहिलं, आणि नजर जमिनीकडे वळवली. अगदी त्याच्यासारखीच. मायलेकरांची नजर खाली जाते तीही एकाच वाटेने...

तिने नळाची बाटली उचलून उजेडात धरली. नितळ. हलवली, पुन्हा धरली. कुठेतरी, बुडाशी, एखादा ठिपका असेल — नळही घाण निघाला तर सगळी नुसती चुकली असती, तिच्यासारखीच. कुणी काही लपवलं नसतं, तो नुसताच बाप म्हणून घाबरला असता. लेक बाटलीकडे हात नेत होती, तहानेने किरकिरत होती. आणि ती, डोळे बारीक करून, त्या स्वच्छ पाण्यात काळं काही सापडतंय का ते शोधत राहिली.